तहनाम्यांच्या मुलखातील हरकती

अमरावती जिल्ह्याच्या अगदी उत्तरेस, गाविलगडच्या डोंगररांगा ओलांडून तापीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या मार्गावर वसलेल्या धारणीविषयी महाराष्ट्रात जे काही बोलले व लिहिले जाते ते बहुधा व्याघ्रप्रकल्प, कोरकू समाज व कुपोषण या तीन विषयांपुरते मर्यादित असते. परंतु हा तालुका ज्या मेळघाटाचा भाग आहे, तो मेळघाट गेल्या दोन शतकांत कोणकोणत्या करारनाम्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात गेला, हे करार पुढे कोणाच्या हरकतीने बदलले आणि कोणाच्या हरकतीची कोणत्याही दप्तरात नोंदसुद्धा झाली नाही, याची कैफियत मांडण्याचे मनावर घेणारे लेखक फारसे आढळत नाहीत. करारात लोकांच्या टीकेमुळे सुधारणा कशी व केव्हा होते, हा प्रश्न आज युरोपातील राष्ट्रांना छळतो आहे आणि त्यावर तेथे ग्रंथांचे ढीग पडले आहेत. तोच प्रश्न वऱ्हाडच्या भूमीवर फार जुना आहे.

इ.स. १८०३ च्या उत्तरार्धात आसई, अडगाव आणि गाविलगड येथे लागोपाठ पराभव पत्करल्यावर नागपूरकर रघूजी भोसले दुसरे यांनी १७ डिसेंबर रोजी आर्थर वेलस्लीशी देवगावचा तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. हा मुलूख इंग्रजांचा दोस्त म्हणून हैदराबादच्या निजामाच्या पदरात पडला. गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांच्या लगतचा प्रदेश तेवढा भोसल्यांकडे राहिला. पुढे १८२२ साली वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा म्हणून कायम करणारा नवा तह झाला, तेव्हा वर्धेपलीकडील परगण्यांच्या मोबदल्यात मेळघाट व त्याच्या पायथ्याचा मुलूख निजामाकडे परत गेला. त्या देवाणघेवाणीत तापी, सिपना आणि गाडगा या नद्यांच्या काठी नांदणाऱ्या माणसांचा विचार कोणी केला असेल, असे मानण्यास काडीचाही आधार नाही. आणि तो काळ लक्षात घेता त्याबद्दल फार नवलही करता येत नाही.

नवल करण्यासारखी हकीकत पुढे आहे. निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत पोसली जाणारी, ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली जाणारी एक फौज होती. ती तैनाती फौजेहून निराळी असून तैनाती फौजेच्या मूळ तहात तिचा स्पष्ट आधार नव्हता, तरी तिचा पगार मात्र निजामाच्या नावे खर्ची पडत गेला आणि थकबाकीचा डोंगर ५० लाख रुपयांच्या घरात जाऊन पोहोचला. लॉर्ड डलहौसीने या कर्जाचा तगादा इतक्या कडक रीतीने लावला की, २१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौला यांना वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली द्यावे लागले. मुलूख कायमचा तोडून द्यावा, ही इंग्रजांची मागणी निजामांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही, आणि म्हणून करारान्वये सार्वभौमत्व निजामाचे व कारभार कंपनीचा अशी दुहेरी अवस्था निर्माण झाली, जिच्यातून पुढील जवळजवळ शंभर वर्षे वऱ्हाडची मान सुटली नाही. तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क मृत्यू पावले आणि त्यांचे तरुण पुतणे सालारजंग दिवाणगिरीवर आले. या तहातील अन्याय दूर करणे हेच त्यांच्या पुढील आयुष्याचे एक प्रधान कार्य होऊन बसले.

सालारजंगांच्या चिकाटीला एक फळ लवकर आले. १८५७ च्या धामधुमीत हैदराबादने इंग्रजांची बाजू न सोडल्यामुळे १८६० साली तहात फेरफार झाला. ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले, सुरापूरचा मुलूख निजामाला बक्षीस मिळाला, आणि वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी ठेव म्हणून इंग्रजांकडेच राहिले. वसुलाचा तपशीलवार हिशेब निजामाला देण्याचे बंधनही याच वेळी नाहीसे झाले, ही बाब सालारजंगांसारख्या हिशेबी मुत्सद्द्याच्या मनात किती सलली असेल याची कल्पना करता येते. १८७६ साली ते स्वतः लंडनला गेले व वऱ्हाडची मागणी तेथे मांडली. परंतु निजाम अज्ञान असताना हा प्रश्न उघडता येणार नाही, अशा सबबीवर ती मागणी बाजूस सारण्यात आली. १८८३ मध्ये सालारजंग वारले. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी, नासिरुद्दौलांचे नातू मीर महबूब अली खान यांच्याकडून, लॉर्ड कर्झनने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या इजाऱ्याने घेतले, म्हणजे आजोबांनी जे देण्याचे नाकारले होते तेच नातवाच्या सहीने मिळाले. आणि दुसऱ्याच वर्षी तो प्रांत मध्य प्रांताला जोडण्यात आला. मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये पुन्हा दावा मांडला, तेव्हा लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने सार्वभौम सत्तेचा अधिकारच पुढे करून ते प्रकरण निकालात काढले. शेवटी २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य झाले आणि युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कारभारात या किताबाने रतीचाही फरक पडला नाही.

अशा रीतीने १८५३ च्या मूळ तहात त्र्याऐंशी वर्षांत तीनदा मोठा फेरफार झाला आणि तिन्ही वेळी त्यामागे कोणाची ना कोणाची तक्रार होती, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. करार हा वज्रलेप असतो अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः तक्रार करणारा दरबारात बसण्याच्या योग्यतेचा असेल तर करारासारखी लवचीक वस्तू नाही. वऱ्हाडच्या रयतेला ती योग्यता नव्हती. तिची कायदेशीर स्थिती तर इतकी विचित्र होती की, कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड परराज्य ठरत असल्यामुळे, १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून निवडून आलेल्या सभासदांना मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात बसविण्यासाठी गव्हर्नरला त्यांची रीतसर नेमणूक करावी लागे. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी यांच्यासारखे धुरंधर अमरावतीत असताना ही स्थिती होती. मग मेळघाटातील कोरकू पाटलाची काय कथा!

युरोपातील राष्ट्रांनी या प्रश्नाचा जो मार्ग धरला तो याच्या अगदी उलट टोकाचा आहे आणि म्हणूनच तुलनेस उपयोगी आहे. १९५७ च्या रोमच्या तहापासून तेथील करारही मुत्सद्द्यांनीच लिहिले, परंतु काही देशांच्या राज्यघटनांनी वा प्रघातांनी असे ठरविले होते की महत्त्वाचा फेरफार प्रजेच्या मतास टाकावा. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराला डेन्मार्कच्या मतदारांनी जेमतेम बहुमताने नकार दिला, तेव्हा सर्व राष्ट्रांना एडिंबरो येथे बसून डेन्मार्कला सामायिक चलन व संरक्षण यांसह चार बाबतींत सूट द्यावी लागली, आणि त्यानंतरच १९९३ मध्ये तेथील लोकांनी होकार भरला. २००५ साली फ्रान्स व नेदरलँड्स यांनी युरोपची नियोजित राज्यघटना फेटाळली आणि तो मसुदा कायमचा बासनात गेला. त्यातील पुष्कळसा भाग २००७ च्या लिस्बन करारात निराळ्या वेष्टनात परत आला आणि या वेळी सार्वमत फक्त आयर्लंडमध्ये झाले, ही टीका खोटी नाही. पण त्या एका छोट्या देशाने २००८ मध्ये नकार दिल्याबरोबर प्रत्येक राष्ट्राचा एक आयुक्त कायम राहील अशी हमी त्याला मिळाली, हेही तितकेच खरे. नकार देणाऱ्याला पुन्हा मतपेटीपुढे उभे करण्याची युरोपीय मुत्सद्द्यांची खोड मला चमत्कारिक वाटते, तरी पुन्हा उभे करण्यापूर्वी त्याला काहीतरी द्यावे लागते ही त्यातली जमेची बाजू आहे. लिस्बन कराराने १० लाख सह्यांच्या आधारे नागरिकांना कायद्याची मागणी करण्याचा मार्गही मोकळा केला. २०२१-२२ मध्ये नागरिकांच्या मंडळांकडून युरोपच्या भवितव्याविषयी ४९ प्रस्ताव तयार करवून घेण्यात आले. त्यांतील ज्यांना मूळ करारांत दुरुस्ती लागते, ते मात्र युरोपीय संसदेने २०२३ मध्ये उचलून धरल्यानंतरही राष्ट्रप्रमुखांच्या मेजावर पडून आहेत. मागण्याची सोय झाली तरी मिळण्याची हमी झाली असे होत नाही.

वऱ्हाडात लोकांच्या वतीने लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला पहिला करार ८ ऑगस्ट १९४७ चा, अकोल्याचा. इंग्रजांचे सार्वभौमत्व आठवडाभरात संपणार, त्याबरोबर त्यांचे तहही संपणार आणि निजाम वऱ्हाडवर हक्क सांगणार, हे संकट डोक्यावर असताना संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे शंकरराव देव आणि ब्रिजलाल बियाणी प्रभृती वऱ्हाडचे नेते एकत्र बसले आणि त्यांनी असे ठरविले की, मराठी भाषकांचा एकच प्रांत व्हावा, परंतु त्यात महाविदर्भ व पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, त्यांना निराळी विधिमंडळे व मंत्रिमंडळे असावीत, आणि हे न जमल्यास वेगळ्या विदर्भाचा मार्ग मोकळा असावा. घाईत झालेला असूनही हा करार मला पुढील कराराहून अधिक स्पष्ट वाटतो, कारण वचन मोडले तर काय करायचे हे त्यात लिहून ठेवलेले होते.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ती तरतूद राहिली नाही. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे यांच्यासारख्यांच्या सह्यांच्या या अकरा कलमी दस्तऐवजाने उपप्रांतांची कल्पना सोडून दिली आणि तिच्या जागी आश्वासने घातली: लोकसंख्येच्या प्रमाणात निधीचे वाटप, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, मंत्रिमंडळात, नोकऱ्यांत व तांत्रिक शिक्षणात त्या त्या विभागाला योग्य वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, शासनाचा वर्षातील काही काळ नागपुरात मुक्काम आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे. राज्याची सीमा ठरविताना खेडे हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे पाळावीत असेही त्यात होते. या करारावर टीका तेव्हाच सुरू झाली. लोकनायक बापूजी अणे व बियाणी वेगळ्या विदर्भाच्या बाजूला उभे राहिले, आणि १९५५ मध्ये फाझल अली आयोगानेही विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली. शिफारस बाजूला पडली, पण टीका वाया गेली नाही, कारण केवळ पुढाऱ्यांच्या सह्यांवर उभ्या असलेल्या त्या कागदातील आशयाचा काही अंश १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात आला: विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापणे आणि निधीचे समन्यायी वाटप करणे याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतील.

‘सोपवू शकतील’ असे तेथे आहे, ‘सोपवतील’ असे नाही; आणि मसुदा लिहिणाऱ्याने ठेवलेल्या या फटीतून ३८ वर्षे निघून गेली. नागपूरचे हिवाळी अधिवेशन १९६० पासून भरू लागले, त्याची हुरडा व मोर्चे यांसाठी ख्यातीही झाली, परंतु वाटपाच्या कलमाचा हिशेब कोणी मागितला तर द्यायचा कोणी, हे ठरलेले नव्हते. सिंचन, रस्ते, शिक्षण यांतील तफावतीविषयी विदर्भ-मराठवाड्यात असंतोष इतका वाढला की १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि तिने दुसऱ्या वर्षी ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक अनुशेष मोजून सरकारच्या पुढ्यात ठेवला, ज्यातला सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे ३९ टक्के, विदर्भाचा होता. ‘अनुशेष’ हा शब्द वऱ्हाडातल्या पानठेल्यापर्यंत पोहोचला तो तेव्हापासून. त्याच वर्षी विधिमंडळाने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश निघायला मार्च १९९४ उजाडला आणि १ मे १९९४ पासून मंडळे सुरू झाली. त्यानंतर राज्यपालांनी निधिवाटपाचे निर्देश देण्यास आरंभ केला व पश्चिम विदर्भाच्या सिंचनाची थकबाकी हा दरवर्षीचा विषय झाला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, तरी मुदतवाढीच्या प्रत्येक खेपेस दिल्लीच्या आदेशाकडे डोळे लावून बसावे लागते, हा या व्यवस्थेतील जन्मजात दोष तसाच राहिला.

धारणीच्या दृष्टीने मात्र याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे. दांडेकर समितीने मोजमापासाठी जिल्हा हा घटक धरला. आणि अमरावती जिल्ह्याची सरासरी काढताना वरूड-मोर्शीच्या संत्रीबागा, अमरावती शहरातील महाविद्यालये आणि मेळघाटातील पावसाळ्यात संपर्क तुटणारे पाडे हे सर्व एकाच घमेल्यात कालवले जातात. जिल्ह्याचा अनुशेष भरला म्हणजे धारणीचा भरला असे त्यातून मुळीच निष्पन्न होत नाही. विदर्भावर अन्याय झाला असे म्हणणारे, विदर्भाच्या आत डोंगराकडे पाहताना तीच सरासरीची सबब सांगतात, हे मला या सर्व चळवळीतील सर्वांत दुबळे स्थळ वाटते. २०११ मध्ये नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीने तालुका हा घटक धरून विषमता मोजावी असे सुचविले, तेव्हा प्रथमच कराराच्या भाषेत धारणीला स्वतःचे नाव मिळण्याची शक्यता निर्माण झाली. पण तो अहवाल २०१४ च्या डिसेंबरात विधिमंडळापुढे येईपर्यंत समितीवरच प्रादेशिक वादाचे इतके सावट पडले होते की ही सूचना चर्चेच्या कोपऱ्यातच राहिली.

आणखी एक विलक्षण योग असा की, धारणी व चिखलदरा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि त्या अनुसूचीनेही विशेष जबाबदारी राज्यपालांवरच टाकली आहे. म्हणजे वैदर्भीय म्हणून आणि आदिवासी क्षेत्रातील रहिवासी म्हणून, अशा दोन निरनिराळ्या दाव्यांनी धारणीच्या नागरिकाची फिर्याद एकाच दाराशी रुजू होते. दोन्ही फायली राजभवनात एकमेकींना कधी भेटत असतील काय, असा प्रश्न मनात येतो. १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या) कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र या दाराच्या अलीकडेच, गावाच्या चावडीवर, एक नवे आसन मांडले: जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेचा सल्ला, वनजमीन इतर कामासाठी वळविण्यापूर्वी तिची संमती, सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा आरंभ तिच्याच ठरावाने. देवगावच्या तहापासून नागपूर करारापर्यंत ज्याला कोठेही बसायला जागा नव्हती, त्याला ती कायद्याने येथे मिळाली.

त्या जागेचा कस तापीवर लागणार आहे. धारणीच्या उत्तरेस तापी ही महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांची सीमा आहे. इंग्रजी कारभाराच्या काळात अलीकडे निजामाच्या नावाचे वऱ्हाड आणि पलीकडे खास ब्रिटिश अंमलातील निमाड होते, १९०३ पासून दोन्ही एका कारभाराखाली नांदले आणि १९५६ मध्ये ती नदी राज्यांची हद्द झाली. दोन्ही तीरांवर कोरकूच राहतात. या नदीवर खारिया-गुटीघाट येथे ६६ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याचे धरण बांधण्याची जी जुनी योजना होती, तिच्या बुडितात १७ हजार हेक्टरांहून अधिक जमीन, त्यात जंगल व व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र, आणि ७३ गावांतील सुमारे १४ हजार माणसे येत होती. साहजिकच बुडिताच्या भीतीने दोन्ही बाजूंनी विरोध झाला आणि वनखात्याच्या परवानगीचा प्रश्नही सुटेना. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा जो करार केला, त्यात त्याच ठिकाणी ८.३१ टीएमसीचा ठेंगणा वळण बंधारा धरलेला असून, त्यातून निघणाऱ्या कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या सच्छिद्र थरात पाणी मुरवून जळगाव, बुलढाणा, अकोला व अमरावती जिल्ह्यांतील खालावलेली भूजलपातळी सावरावी, असा हेतू आहे. ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या व ११.७६ टीएमसी मध्य प्रदेशाच्या वाट्याला येईल, आणि कोणतेही गाव उठवावे लागणार नाही, असे दोन्ही सरकारांनी जाहीर केले आहे.

वऱ्हाडच्या करारांच्या दीर्घ इतिहासात, विरोध झाला म्हणून मूळ बेत इतका आकसला असे हे उदाहरण दुर्मीळच आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि खारपाणपट्ट्यातल्या आणि केळीच्या मळ्यांतल्या शेतकऱ्याला ज्या पाण्याची आस आहे ते डोंगरातून येणार, बंधारा डोंगरात बांधला जाणार आणि कालव्यांच्या आखणीत येणाऱ्या वनजमिनीचा निर्णयही डोंगरातच व्हायचा, तेव्हा सह्या भोपाळला झाल्या म्हणून हे प्रकरण मिटले असे समजणे धाडसाचे होईल. प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाचे प्रत्येक कलम, बुडिताचा नकाशा आणि वनजमिनीचा तपशील यांसह, धारणी तालुक्यातील संबंधित ग्रामसभांपुढे कोरकूत व हिंदीत वाचून दाखविला जावा, त्यावरील हरकती तारीखवार नोंदवल्या जाव्यात, आणि त्या हरकतींचे काय झाले याचे लेखी उत्तर दोन्ही राज्यांच्या नियंत्रण मंडळाने बंधाऱ्याचा पाया खणण्यापूर्वी द्यावे, एवढी तरतूद करारात पुरवणी म्हणून घालण्यास आजही कोणतीही कायदेशीर अडचण दिसत नाही.